येथील कुशल : एकोणिसाव्या शतकातील मद्रासेच्या मराठी घरांचे आरोग्यवृत्त

मोडी लिपीतील जुने कौटुंबिक पत्र उलगडले की आरंभीचा मजकूर जवळजवळ ठरलेला असतो. माथ्यावर 'श्री', मग पत्र ज्याला लिहिले त्याचा मायना, दंडवत किंवा आशीर्वाद आणि त्यानंतर एक ठराविक वाक्य : येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे. पुढे जमिनीचा वाद असो, लग्नाची बोलणी असोत की उसनवारीचा हिशेब असो, कुशलाची ही देवघेव झाल्याखेरीज मराठी पत्र पुढे सरकत नसे. इतिहासाचे अभ्यासक बहुधा हे वाक्य ओलांडून मुख्य मजकुराकडे वळतात. परंतु कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्याला तेथेच थांबावे लागते. कारण घरातील माणसे जिवंत आहेत, धडधाकट आहेत, ही त्या काळी सर्वांत मोठी वार्ता होती.

मायन्यातही आरोग्याचे वर्तमान दडलेले असे. वडिलांना 'तीर्थरूप', लहानांना 'चिरंजीव', सुवासिनीला 'सौभाग्यवती' आणि विधवेला 'गंगाभागीरथी' असे लिहिण्याची रीत होती. 'चिरंजीव' हा शब्द केवळ वयाचा निदर्शक नव्हता. मुले हातची जाण्याच्या काळात तो दर पत्रागणिक उच्चारलेला आशीर्वाद होता. कालपर्यंत 'सौभाग्यवती' म्हणून जिला पत्र येई तिच्या नावाआधी एके दिवशी 'गंगाभागीरथी' असे आले, की त्या एका शब्दात एका घराची सारी कहाणी सांगून होई.

मात्र जिच्या सौभाग्याचा किंवा वैधव्याचा उल्लेख मायन्यात होई, तिच्या हातचे पत्र क्वचितच सापडते. आजारी मुलाच्या उशाशी रात्र जागविणारी, बाळंतिणीला शेक देणारी, कोणाला काय पथ्य चालते हे नेमके जाणणारी स्त्री. आणि ते सारे 'कुशल' या एका शब्दात मिटवून पत्र लिहिणारा पुरुष, अशी ही वाटणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शंभर वर्षांत ही वाटणी हळूहळू कशी मोडत गेली, हे पाहण्यास मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, आणि त्याच्याशी बांधलेला तंजावर प्रांत यांच्याइतके सोयीचे स्थळ दुसरे नाही. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, तमिळ भाषेच्या सागरात राहिलेल्या या मराठी घरांना आप्तांच्या खुशालीची ओढ अधिकच होती.

दगडावरचा वंश आणि राणीचा निरोप

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावरास भोसल्यांची गादी स्थापन केली. तिच्याबरोबर कारकून, शास्त्री, वैद्य, कीर्तनकार, शिलेदार अशी शेकडो मराठी घराणी कावेरीकाठी वसली. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजे तुळजाजी यांनी सरफोजी या बालकास दत्तक घेतले. पण तुळजाजींच्या पश्चात गादी अमरसिंगांकडे गेली आणि बालक सरफोजी वाड्यातच एका प्रकारे कोंडला गेला. त्याच्या शिक्षणाची व प्रकृतीची हेळसांड होत असल्याची तक्रार मिशनरी श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे लावून धरली आणि १७९३ मध्ये सरफोजीला तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मद्रासेस हलविण्यात आले. पुढे १७९८ मध्ये तो गादीवर बसला. पण १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजाच्या हाती किल्ला, वाडा व भोवतालचा परिसर एवढेच उरले.

सत्ता गेलेल्या या राजाने आपले लक्ष ग्रंथ, शाळा आणि रुग्ण यांच्याकडे वळविले. त्याच्या 'नवविद्याकलानिधी' छापखान्यातून १८०६ च्या सुमारास इसापनीतीचे मराठी रूप 'बालबोधमुक्तावली' बाहेर पडले. मुंबई-पुण्यात देवनागरी छपाई रुजण्याआधीची ही गोष्ट. 'धन्वंतरी महाल' या संस्थेत देशी वैद्य व विलायती डॉक्टर यांच्या उपचारांचा मेळ घातला जाई आणि औषधे सिद्ध होत. सरस्वती महाल ग्रंथालयात आजही नेत्ररुग्णांची टिपणे जपून ठेवलेली आहेत. त्यांत रुग्णाची तक्रार, त्याच्यावर झालेले उपचार आणि दुखऱ्या डोळ्याचे रंगीत चित्र एकत्र आढळते. ज्याच्या दुखण्याची नोंद एरवी कोणी ठेवली नसती अशा सामान्य माणसाचा डोळा त्या कागदावरून दोनशे वर्षांनंतरही आपल्याकडे पाहतो.

याच सरफोजीने १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास पाठविलेले, छत्रांविषयीचे पत्र प्रसिद्ध आहे. छत्र म्हणजे वाटसरूंसाठीचे अन्नछत्र व धर्मशाळा. तेथे आजारी पडलेल्या यात्रेकरूला औषध व पथ्याचे अन्न मिळे, गर्भवतीची देखभाल होई, तान्ह्या मुलांना दूध दिले जाई आणि जो वाटेतच दगावे त्याचे अंत्यविधीही होत, असा वृत्तान्त त्या पत्रात आहे. ही छत्रे बहुधा राजघराण्यातील स्त्रियांच्या नावे होती. ओरत्तनाडू येथील छत्र मुक्तांबा या सरफोजीच्या प्रिय स्त्रीच्या नावाने, तिच्या अखेरच्या इच्छेनुसार उभारले गेले असे सांगतात. आप्तांपासून दूर आजारी पडणाऱ्या माणसाला घराची ऊब मिळावी, ही कल्पना स्त्रीच्या नावाशी जोडली जाणे अर्थपूर्ण आहे.

याच राजाच्या आज्ञेने १८०३ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. जगातील प्रदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. वंशविस्तार, राज्यारोहणे, लढाया हे सारे त्या पाषाणावर आले. परंतु वाड्याच्या आतल्या चौकात काय चालले होते ते कळण्यासाठी मात्र एका परक्या पाहुण्याच्या पत्राकडे जावे लागते.

कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२६ च्या फेब्रुवारीत मद्रासेस आले आणि मार्चच्या अखेरीस तंजावरास पोहोचले. सरफोजीची विद्वत्ता पाहून ते चकित झाले. युवराज शिवाजी मात्र त्यांना फिकट आणि अशक्त दिसला. या मुलाला आपल्याबरोबर प्रवासास पाठवावे, म्हणजे त्याला जग पाहता येईल, शिक्षण मिळेल, असा प्रस्ताव हेबर यांनी मांडला. पित्याला तो पसंत पडला. परंतु आतून राणीचा निरोप आला. आपले दोन मुलगे आधीच गेले आहेत. हा उरलेला मुलगा सदा आजारी असतो. तो गेला तर जिवंत परतणार नाही अशी आपली खात्री आहे. तेव्हा हा विषय पुन्हा काढला नाही तर आपल्यावर मोठे उपकार होतील, असा त्या निरोपाचा आशय हेबर यांनी आपल्या पत्रात नमूद केला आहे.

पडद्याआडून आलेल्या या निरोपात एका मराठी आईचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. दोन मुलांच्या मृत्यूची वार्ता, तिसऱ्याच्या प्रकृतीची चिंता आणि पुढचे बोलणे थांबविण्याची आर्जवी पण ठाम विनंती. हे शब्द ती मराठीत बोलली असणार. आपल्यापर्यंत ते इंग्रजीत आणि एका परपुरुषाच्या लेखणीतून आले. नियतीचा भाग असा, की धडधाकट हेबर त्यानंतर काही दिवसांतच, ३ एप्रिल १८२६ रोजी, त्रिचनापल्ली येथे स्नान करीत असताना एकाएकी मृत्यू पावले. आणि ज्याच्या जिवाची आईला धास्ती होती तो शिवाजी पुढे १८३२ मध्ये गादीवर येऊन १८५५ पर्यंत जगला.

शिवाजीला पुत्र नव्हता. त्याच्या मृत्यूबरोबर कंपनीने गादी खालसा ठरविली. १८५६ च्या ऑक्टोबरात सरकारी अधिकाऱ्याने वाड्यात शिरून राज्याच्या मालमत्तेबरोबर घरातील खासगी चीजवस्तूंवरही मोहरा लावल्या. मागे सोळा विधवा राण्या राहिल्या होत्या. त्यांतील थोरल्या कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली व तेथे त्यांच्या बाजूने निकाल मिळविला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. ही राज्यसत्तेची कृती असून न्यायालयाला तीत हात घालता येत नाही, असे म्हटले. तरीही १८६२ मध्ये सरकारने ती खासगी मालमत्ता राण्यांना परत केली. तीस वर्षांपूर्वी पडद्याआडून निरोप पाठवून थांबणाऱ्या वाड्यातील स्त्रिया आता मद्रासच्या न्यायालयात आपल्या नावाने उभ्या राहिल्या होत्या.

टपाल, सुतक आणि सुंठ

राज्य गेले तशी तंजावर-कुंभकोणम्‌कडील मराठी घराणी नोकरी व शिक्षण यांच्या शोधात मद्रासेकडे अधिकाधिक वळू लागली. मैलापूर व तिरुवल्लिकेणी या भागांत त्यांची बिऱ्हाडे झाली. मोठ्यांची घरे कावेरीकाठी, मुलगे मद्रासेस, लेकी आणखी कोठे दिलेल्या, अशी कुटुंबे विखुरली आणि पत्राची निकड वाढली. १८५४ मध्ये अंतराचा विचार न करता पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर ठरला. १८५६ मध्ये मद्रासच्या रोयापुरमहून आगगाडी सुटू लागली, १८७१ मध्ये रायचूर येथे मुंबई व मद्रासचे लोहमार्ग जुळले आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. ज्या खुशालीसाठी पूर्वी ओळखीचा वाटसरू किंवा जासूद शोधावा लागे ती आता पाव आण्यात घरपोच होऊ लागली.

आप्तांच्या जन्ममृत्यूची वार्ता मिळणे हा केवळ जिव्हाळ्याचा भाग नव्हता. त्यावर घराचा धर्माचार अवलंबून होता. भाऊबंदांत मूल जन्मले तर सोयर, कोणी गेले तर सुतक. दहा दिवसांच्या आत वार्ता आली तर उरलेले दिवस पाळावयाचे. दहा दिवस उलटल्यावर पण तीन महिन्यांच्या आत आली तर तीन दिवस. वर्षानंतर आली तर केवळ स्नान. आईवडिलांच्या बाबतीत मात्र केव्हाही कळले तरी पूर्ण दहा दिवस. धर्मशास्त्राने केलेली ही श्रेणी म्हणजे संथ टपालाच्या काळाशी घातलेली सांगडच होती. वार्ता उशिरा येणार हे गृहीत धरूनच तिचे नियम बांधलेले होते. आगगाडी व तारायंत्र यांनी जेव्हा वार्तेला वेग दिला, तेव्हा दूरदूरच्या भाऊबंदांचे सुतकही पूर्ण दिवसांनिशी दाराशी येऊ लागले.

मृत्यूचे पत्र घरात ठेवू नये, वाचून तत्काळ फाडून टाकावे असा रिवाज मराठी घरांत होता. तमिळ शेजारीही तोच पाळीत. या रिवाजाने इतिहासाची मोठी हानी केली आहे. लग्नाच्या याद्या, देण्याघेण्याची पत्रे, खुशालीची पत्रे दप्तरांत जपली गेली. अशुभाची पत्रे उंबऱ्याबाहेरच नष्ट झाली. त्यामुळे जुन्या दप्तरांवरून पाहणाऱ्याला ही घरे होती त्याहून अधिक सुखी वाटतात.

आजाराशी झगडण्याची घरातली साधने मात्र मुखपरंपरेने टिकली. दक्षिणेतील मराठी घरात दोन परंपरांचे औषधी भांडार एकत्र आले. मराठी आजीची सुंठ तमिळ शेजारणीची 'सुक्कु' झाली, ओव्याला 'ओमम' हे नाव मिळाले, बाळगुटीतले वेखंड 'वसंबु' म्हणून ओळखले जाऊ लागले. वस्तू त्याच, उगाळण्याची सहाणही तीच. नावे मात्र दोन. घरात मराठी आणि बाजारात तमिळ असे दुहेरी जीवन जगणाऱ्या स्त्रियांना दोन्ही नावे जिभेवर ठेवावी लागत. तंजावरकडील मराठी टिकली ती दरबारापेक्षा अशा स्वयंपाकघरांत आणि बाळंतिणीच्या खोल्यांत अधिक टिकली, असे म्हणावयास हरकत नाही.

देवीच्या रोगाबाबतही हेच दिसते. मराठीत त्या रोगालाच 'देवी' म्हणतात, तमिळमध्ये 'अम्मै', म्हणजे आई. तंजावरनजीक पुन्नैनल्लूर येथील मारियम्मन देवालयाला भोसले राजांचा आश्रय होता. घराण्यातील एका राजकन्येची दृष्टी या रोगात गेली आणि देवीच्या कृपेने ती परत आली, अशी आख्यायिका तेथे सांगितली जाते. आख्यायिकेचा शब्दार्थ बाजूस ठेवला तरी तिच्यातील भय खरे आहे. देवीच्या रोगाने डोळे जाणे ही घरोघरची गोष्ट होती. १८०२ मध्ये मुंबईस पहिल्यांदा गोस्तनी देवीची लस टोचली गेली आणि त्याच वर्षी ती मद्रासेसही पोहोचली. पुढची कित्येक दशके एकाच घरात देवीची पूजा आणि देवी टोचणे ही दोन्ही शेजारी नांदली.

वडीलधाऱ्यांची चिंता

या मराठी घराण्यांतून पुढे आलेले सर्वांत मोठे नाव म्हणजे सर टी. माधवराव. कुंभकोणम् येथे १८२८ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. माधवरावांचे शिक्षण मद्रासच्या सरकारी हायस्कुलात पॉवेल यांच्या हाताखाली झाले. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषविले व निवृत्तीनंतर ते मैलापुरात स्थायिक झाले. राज्ये चालविलेल्या या गृहस्थाने उतारवयात आपले लक्ष घराच्या आत वळविले. 'नेटिव्ह थिंकर' या टोपणनावाने मुलांच्या संगोपनावर त्यांनी लिहिलेली इंग्रजी पुस्तिका १८८९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिची मराठीसह इतर देशी भाषांत भाषांतरे झाली. दिवाणाने मुलांच्या संगोपनाची चर्चा करावी, याचा अर्थ असा की घरातील आरोग्य हा आता केवळ माजघराचा विषय राहिला नव्हता.

त्यांचे आप्त दिवाण बहादूर आर. रघुनाथराव एक पाऊल पुढे गेले. विधवाविवाहाला धर्मशास्त्राचा आधार आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी आयुष्यभर लेखणी झिजविली. १८८७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन मद्रासेस भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षपद माधवरावांकडे होते. त्याच वेळी न्यायमूर्ती रानडे व रघुनाथराव यांच्या पुढाकाराने सामाजिक परिषदेचे पहिले अधिवेशनही तेथे झाले. पुण्याची मराठी आणि मद्रासची मराठी या निमित्ताने एका मांडवात आली. बालविवाह व अकाली मातृत्व यांमुळे मुलींच्या प्रकृतीवर होणारे परिणाम हा सुधारकांच्या चिंतेचा विषय होता. परंतु या मांडवातील बोलणेही पुरुषांचेच होते. ज्यांच्या प्रकृतीविषयी चर्चा चालली होती त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत येण्यास दुसरी वाट शोधावी लागली.

स्वतःच्या हाताने

ती वाट प्रथम एका निराधार कुटुंबातून निघाली. अनंतशास्त्री डोंगरे हे पत्नी लक्ष्मीबाई व मुले यांच्यासह पुराणकथन करीत दक्षिणेत तीर्थोतीर्थी हिंडत असत. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळात आधी वडील, मग आई आणि पुढे थोरली बहीण अशी माणसे काही महिन्यांच्या अंतराने गेली. या घराला कायमचा पत्ता नव्हता. कुशल लिहिणारे कोणी नव्हते आणि कळवावे असे आप्तही जवळ नव्हते. पण मागे उरलेल्या मुलीला आईने संस्कृत शिकविले होते. ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. आपल्या माणसांचे ते मृत्यू तिने स्वतः लिहून ठेवले, म्हणून ते आज ज्ञात आहेत. १८८२ मध्ये 'स्त्रीधर्मनीति' या तिच्या पुस्तकात मुलांच्या संगोपनाचे विवेचन आले आणि त्याच वर्षी पुण्यास हंटर आयोगापुढे साक्ष देताना हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हव्यात, ही मागणी तिने निर्भीडपणे मांडली.

या मागणीला मद्रासेत थोडी पूर्वतयारी झालेली होती. प्रसूतीसाठीचे सरकारी रुग्णालय तेथे १८४४ पासून चालू होते. १८७५ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजने मेरी शार्लीब आणि आणखी तिघी स्त्रियांना प्रवेश दिला. पुढे याच शार्लीब यांच्या प्रयत्नाने १८८५ मध्ये पडदानशीन व उच्चवर्णीय स्त्रियांसाठी स्वतंत्र रुग्णालय निघाले. ते आज कस्तुरबा गांधी रुग्णालय म्हणून ओळखले जाते. १८८३ मध्ये सेरामपूर येथील भाषणात आनंदीबाई जोशी यांनी आपण अमेरिकेस का जात आहोत हे सांगताना मद्रासच्या या कॉलेजाचा उल्लेख केला होता. तेथील शिक्षण अपुरे आहे आणि शिक्षकांची वृत्ती स्त्रियांना प्रतिकूल आहे, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतःचे तान्हे मूल दहा दिवसांत गमावलेल्या या तरुणीने वैद्यकाची पदवी १८८६ मध्ये मिळविली आणि १८८७ मध्ये ती क्षयाने गेली. तिचे चरित्र काशीबाई कानिटकर यांनी मराठीत लिहिले. एका मराठी स्त्रीच्या आजाराची व मृत्यूची हकीकत दुसऱ्या मराठी स्त्रीने लिहिण्याचा हा आरंभीचा प्रसंग होय.

परंतु मद्रासेच्या संदर्भात सर्वांत जवळचे नाव आहे कृपाबाई सत्यनाथन यांचे. अहमदनगरच्या हरिपंत व राधाबाई खिस्ती या धर्मांतरित ब्राह्मण दांपत्याच्या पोटी १८६२ मध्ये त्यांचा जन्म झाला. चौदा भावंडांतील त्या तेराव्या. वडील लहानपणीच वारले आणि घराचा भार थोरला भाऊ भास्कर यांच्यावर पडला. भास्करांनी या धाकट्या बहिणीला पुस्तकांची गोडी लावली आणि तेही अकाली गेले. पुढे मुंबईच्या शाळेत शिकत असताना वैद्यक शिकण्याची इच्छा कृपाबाईंच्या मनात रुजली. इंग्लंडला जाण्यासाठी शिष्यवृत्तीही मिळू घातली होती. पण नाजूक प्रकृतीमुळे तो बेत रहित झाला. त्याऐवजी १८७८ मध्ये त्यांना मद्रास मेडिकल कॉलेजात पाठविण्यात आले. पहिल्या वर्षी त्यांनी बहुतेक विषयांत अग्रस्थान मिळविले. पण त्या वर्षाच्या श्रमांनीच प्रकृती खालावली आणि अभ्यास सोडून विश्रांतीसाठी पुण्यास बहिणीकडे जावे लागले.

मद्रासेत ज्या सत्यनाथन कुटुंबाकडे त्या राहत होत्या त्यातील पुत्र सॅम्युएल यांच्याशी १८८१ मध्ये त्यांचा विवाह झाला. उटकमंड, राजमहेंद्री, कुंभकोणम् असा संसार फिरत राहिला आणि १८८६ मध्ये मद्रासेस स्थिरावला. एकुलते एक अपत्य तान्हेपणीच गेले. डॉक्टर होणे शरीराने नाकारले, आईपण काळाने हिरावले. तेव्हा त्यांनी लेखणी हाती घेतली. 'सगुणा' ही त्यांची आत्मचरित्रपर कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. 'कमला' १८९४ मध्ये निघाली. 'सगुणा'त अहमदनगरकडील घर आहे, आईचे मूक दुःख आहे, भावाचे शिकविणे व त्याचे जाणे आहे, मद्रासच्या वैद्यक शाळेची उमेद आणि ढासळणारी प्रकृती आहे. जुन्या पत्रात 'येथील कुशल' या दोन शब्दांखाली जे झाकले जाई ते येथे पानोपानी उलगडले आहे. ऑगस्ट १८९४ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी कृपाबाई निधन पावल्या. त्यांच्या स्मरणार्थ मद्रास मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या स्त्रियांसाठी शिष्यवृत्ती ठेवण्यात आली.

या यशाला एक खंतीची किनार आहे. कृपाबाईंनी आपल्या मराठी आईची, मराठी घराची कथा इंग्रजीत लिहिली. तंजावरच्या राणीचा निरोप इंग्रजीत उतरला तो बिशपांच्या लेखणीमुळे. कृपाबाईंची कथा इंग्रजीत उतरली ती त्यांच्या शिक्षणामुळे आणि मद्रासच्या वाचकवर्गामुळे. मधल्या साठ वर्षांत स्त्रीच्या हाती लेखणी आली, हा लाभ मोठा आहे. पण ज्या भाषेत ती आजारी भावाशी बोलली आणि आईने जिच्यात अंगाई गायिली ती भाषा त्या लेखणीला मिळाली नाही. मद्रासेत मराठी मुलीला मराठीतून शिकविणारी शाळा तिच्या वाट्यास आली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मातृभाषेतील शाळेचे मोल येथे ध्यानात येते. शाळा व्याकरण, गणित, भूगोल शिकवते हे खरेच. पण तिचे सर्वांत जुने आणि साधे देणे म्हणजे घरी पत्र लिहिता येणे. दाराशी येणाऱ्या पोस्टमनची वाट पाहणाऱ्या, पण आलेले पत्र दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्या आज्यांच्या पिढ्या होऊन गेल्या. त्यांच्या नाती जेव्हा शाळेतून अक्षर घेऊन घरी आल्या, तेव्हा प्रथमच आजीचे दुखणे आजीच्या शब्दांत कागदावर उतरले : कोणते औषध लागू पडले, रात्री झोप लागली की नाही, मनात काय सलते आहे, हे सारे.

तंजावरच्या सरस्वती महालात आणि चेन्नईच्या अभिलेखागारात मोडी कागद गाठोड्यांत बांधलेले आहेत. ते वाचू शकणारी माणसे विरळ झाली आहेत. राजकारणाचे कागद अभ्यासक शोधून काढतीलच; पण ज्या कागदांवर एखाद्या मुलाच्या तापाची, एखाद्या सुनेच्या बाळंतपणाची, एखाद्या वृद्धाच्या पथ्याची नोंद असेल, ते वाचण्यासाठी भाषेबरोबर घराविषयीची आस्थाही लागते. मराठी शाळेत शिकलेल्या मुलामुलींपैकी काहींनी मोडीची बाराखडी आत्मसात केली, आपल्या घरच्या जुन्या पेट्या उघडल्या आणि आजी-पणजीच्या आठवणी तिच्याच बोलीत लिहून ठेवल्या, तर दोनशे वर्षांपूर्वी मागितलेले उत्तर आजही देता येईल. 'स्वकीय कुशल लिहीत असावे' ही विनंती त्या जुन्या कागदांवर अजून तशीच उभी आहे.